इथे चौकशीची खिडकी कुठाय?

आईने पहिल्या विमानप्रवासात खिडकीतून ढग बघितले आणि "कापूस पिंजून ठेवलाय जणू" असं दोनदा म्हणाली. चहा केवढ्याला आहे ते विचारलं आणि घेतला नाही. उतरल्यावर आम्ही पट्ट्याजवळ बॅगेची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा तिने मला विचारलं, "स्टँड कुठल्या बाजूला आहे गं?"

मी हसले. "आई, हा विमानतळ आहे. इथे स्टँड नसतं."

"मग एवढी माणसं उतरली ती पुढं जाणार कशी?"

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरीची बरीच वर्षं तिने बार्शी-वैराग एसटीने काढली. जिथे गाडी माणसं उतरवते तिथून पुढची गाडी मिळणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. तिथे भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक असणार, फलाटांना नंबर असणार, आणि जाळीच्या खिडकीमागे एक कंट्रोलर बसलेला असणार. तो वैतागलेला असेल, तुमच्याकडे न बघता बोलेल, पण "सोलापूर तीन नंबर, सव्वाला" एवढं सांगेल. त्या खिडकीवर 'चौकशी' असं लिहिलेलं असतं. आई इथे ती खिडकी शोधत होती.

तेव्हा हसले याची मला अजून लाज वाटते. तिचा प्रश्न अगदी सरळ होता. त्या दिवसापासून मी जिथे जिथे विमानाने उतरते तिथे तिथे तो विचारते, आणि जी उत्तरं मिळतात त्यांवरून माझं मत असं झालंय: विमानतळावरून शहरात स्वस्तात जायचा रस्ता बहुतेक ठिकाणी असतो. तो आपल्याला सांगितला जात नाही. आणि न सांगणं हा काही विसरभोळेपणा नाही.

आधी त्या दिवसाचं पुढचं सांगते. विमानतळाचं नाव घेत नाही. तुम्हाला माहीत असलेलं कुठलंही घाला, जमेल. मदतीच्या काउंटरवर ब्लेझर घातलेला एक मुलगा होता, साधारण माझ्याच वयाचा. मी विचारलं, "शहरात जायला बस कुठून मिळेल?"

"मॅम, कॅब काउंटर लेफ्टला."

"कॅब नको. बस."

"प्रीपेड पण आहे मॅम."

"बस," मी म्हटलं, "लाल असते ती."

त्याने शेजारच्या मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "बस नाहीये मॅम. बहुतेक."

हे 'बहुतेक' माझ्या डोक्यात राहिलं. दिवसाचे आठ-नऊ तास ज्या इमारतीत काम करतो तिथे बस येते की नाही हे या दोघांना ठाऊक नव्हतं. त्यांचा दोष नाही. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. कॅबचं काउंटर कुठाय, लाउंज कुठाय, कुठल्या कार्डावर लाउंज फुकट मिळतो, हे सगळं त्यांना पाठ असणार.

तोवर आईने माझा नाद सोडला होता. ती सरळ कोपऱ्यात मॉप पिळत असलेल्या बाईकडे गेली. त्या बाईने एका दमात सांगितलं, "मावशी, गेटच्या भाईर जावा. डाव्या अंगाला पाण्याची टाकी लागंल, तिच्या म्होरं थांबा हाय. आमची समदी तिथनंच जात्यात. सव्वासातची आत्ता यील बघा."

सव्वासातची सात पंचवीसला आली. दोघींचं तिकीट चाळीस रुपये झालं. आईने कंडक्टरला विचारलं, "बायकांना हाफ नाही का?" तो म्हणाला, "ते एसटीत, मावशी. ही शहराची बस आहे." माझ्या मोबाइलवर तेवढ्याच अंतराला कॅब सहाशे ऐंशी दाखवत होती.

त्या बसमध्ये विमानातून उतरलेल्या आम्ही दोघीच होतो. बाकी सगळे विमानतळावर काम करणारे होते: सफाईवाले, लोडर, सिक्युरिटीतली मुलं, कॉफीच्या दुकानातली एक मुलगी. गळ्यातली ओळखपत्रं त्यांनी शर्टाच्या खिशात सरकवली होती. म्हणजे बस होती, थांबा होता, वेळ ठरलेली होती आणि बस भरून जात होती. फक्त काचेच्या आतल्या जगाला तिची खबर नव्हती.

आता मुंबईकडे येते. मी डोंबिवलीला राहते, त्यामुळे मुंबईचा विमानतळ मला बऱ्यापैकी पाठ आहे. आणि इथली गोष्ट तारखांसकट सांगता येते.

सहारचं टर्मिनल दोन १२ फेब्रुवारी २०१४ ला प्रवाशांसाठी सुरू झालं. वर पांढरं नक्षीदार छत, भिंतींवर कलाकृतींचं अख्खं संग्रहालय. देखणी इमारत आहे, मी नाही म्हणत नाही. त्याच दिवशी पश्चिम द्रुतगती महामार्गापासून थेट टर्मिनलच्या दारात आणून सोडणारा सुमारे दोन किलोमीटरचा सहार उन्नत मार्गही खुला झाला. मध्ये एकही सिग्नल नाही. टर्मिनल उघडलं त्या पहिल्या सकाळपासून मोटारीसाठी रस्ता तयार होता.

त्याच वर्षी, चारच महिन्यांनी, ८ जून २०१४ ला मुंबईची पहिली मेट्रो धावली, वर्सोवा ते घाटकोपर. ती त्याच अंधेरी पूर्वेतून जाते. तिच्या एका स्थानकाचं नाव 'एअरपोर्ट रोड' आहे. नाव वाचून बॅग घेऊन तिथे उतरलेल्या माणसाला कळायचं की रोड आहे, एअरपोर्ट नाही; टर्मिनल तिथून दीड-दोन किलोमीटरवर. एकाच शहरात, एकाच उपनगरात, एकाच वर्षी देशातलं एक भव्य टर्मिनल आणि एक मेट्रो सुरू झाली आणि दोघांची गाठ पडली नाही. टर्मिनलच्या नावाचं मेट्रो स्थानक उघडलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, मेट्रो तीनचा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा. मोटारवाल्यांची सोय पहिल्या दिवशी आणि बाकीच्यांची दहा वर्षं आठ महिन्यांनी. मधल्या काळात कॉलेज संपवून नोकरीला लागलेली, नोकरी बदललेली, लग्न करून वेगळी झालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत.

यावर कुणी म्हणेल, भुयारी मेट्रो काय एका रात्रीत होते का? नाही होत. पण टर्मिनलच्या दारातून अंधेरी स्टेशनला दर पंधरा मिनिटांनी जाणारी बस आणि ती कुठे मिळते हे सांगणारा ठळक फलक, याला भुयार लागत नाही. बेस्टच्या बस विमानतळाच्या परिसरात येत होत्या, आजही येतात. त्या माहीत असलेला प्रवासी मात्र मला क्वचितच भेटलाय.

आणि मेट्रो फुकट मिळालेली नाही. मेट्रो तीनच्या विमानतळावरच्या स्थानकांसाठी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने जो वाटा द्यायचा होता, त्यापोटी विमान प्रवाशांकडून तिकिटातूनच वेगळं शुल्क घ्यायला परवानगी दिली गेली. म्हणजे त्या काळात मुंबईहून उडालेल्या लाखो लोकांनी, कॅबने आलेल्यांनीसुद्धा, या स्थानकासाठी पैसे मोजलेत. हे माझ्या ओळखीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण ज्याचे पैसे भरले ते कुठे आहे, हे किमान पट्ट्याजवळच्या भिंतीवर तरी कळायला हवं की नको?

तर, जे अजून सहारहून कॅबच करतात त्यांच्यासाठी इथे लिहूनच टाकते, कारण दुसरीकडे कुठे तुम्हाला हे कुणी सांगेल असं वाटत नाही. टर्मिनल दोनचं आणि टर्मिनल एकचं अशी दोन वेगळी मेट्रो स्थानकं आहेत; मध्ये सहार रोडचं. दक्षिणेकडची गाडी घेतली तर बीकेसी, दादर, वरळी, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, चर्चगेट, थेट कफ परेडपर्यंत जाता येतं. हा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. आरेपासून कफ परेडपर्यंतच्या अख्ख्या मार्गाचं तिकीट ७० रुपये आहे, तेव्हा विमानतळावरून कुठेही जा, त्याहून जास्त लागणार नाही. माझ्यासारखं ठाणे-कल्याणकडे जायचं असेल तर उलट्या दिशेची, आरेकडची गाडी घ्यायची आणि पुढच्याच स्थानकावर, मरोळ नाक्याला, उतरायचं. तिथे मेट्रो एक मिळते. घाटकोपरला लोकल. बोरिवली-विरारकडे जायचं असेल तर मरोळ नाक्यावरून अंधेरी. पुण्याला जायचं असेल तर दादर. तिथून एसटीच्या शिवनेरी आहेत, गाड्या आहेत.

सहार ते डोंबिवली या पद्धतीने मला पन्नास रुपयांच्या आत पडतं. दीड तास लागतो, कधी पावणेदोन. मागच्या वेळी त्याच प्रवासाला मोबाइलवरचा आकडा नऊशे चाळीस होता. बंगळुरूहून मुंबईचं माझं विमानाचं तिकीट होतं दोन हजार नऊशेचं. हजारेक किलोमीटरला दोन हजार नऊशे आणि शेवटच्या तीसेक किलोमीटरला नऊशे चाळीस. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचा.

कारण २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचं पहिलं विमान उडालं, तेव्हा कल्पना अशी मांडली गेली की हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई जहाजात बसता यावं. तासाभराच्या प्रवासाला काही जागांसाठी साधारण अडीच हजारांची मर्यादा ठरली. मला ही कल्पना मनापासून आवडते. माझ्या आईला विमानात बसवण्यात स्वस्त तिकिटांचा हात आहेच. पण चप्पल घालून विमानात चढलेला माणूस उतरल्यावरही चप्पलच घालून असतो, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हवेतल्या भाड्याला मर्यादा घालून दिली, अनुदान दिलं; जमिनीवरच्या शेवटच्या टप्प्यावर मात्र त्याला पंचतारांकित गिऱ्हाईक धरलं. शिर्डीचा विमानतळ काकडी गावात, गावापासून चौदाएक किलोमीटरवर. नाशिकचा ओझरला, वीसेक किलोमीटरवर. सिंधुदुर्गचा चिपीला. जागा मोकळी मिळते म्हणून विमानतळ लांब जाणारच. तो जितका लांब जाईल तितकी बस जास्त महत्त्वाची, हे एसटी चालवणाऱ्या राज्याला सांगावं लागू नये. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी निघाली आणि पुढे 'गाव तिथे एसटी' हे वाक्य भिंतीभिंतीवर गेलं. विमानतळ हे गाव धरायला काय हरकत आहे?

हे असं का होतं याबद्दल माझं मत सांगते. विमानतळ चालवणाऱ्याला विमानांकडून पैसे मिळतात तसे विमानांव्यतिरिक्तही मिळतात: दुकानं, जाहिराती, पार्किंग, काउंटरची भाडी. कॅबचं काउंटर भाडं देतं. पार्किंगची इमारत तासागणिक पैसे देते. लाल बस काहीच देत नाही, उलट दाराजवळची मोक्याची जागा अडवते. मग ती पाण्याच्या टाकीपलीकडे जाते. कुणी कट केला असं मी म्हणत नाहीये. मोक्याची प्रत्येक वीतभर जागा कुणाला तरी विकायची असली की जे विकत नाही ते आपोआप बाहेर ढकललं जातं.

पुण्याचं बघा. लोहगावला गाड्यांसाठी बहुमजली पार्किंगची इमारत २०२२ मध्येच उभी राहिली. मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. तिथून विमानतळ चार-पाच किलोमीटर. मधलं अंतर बसने किंवा रिक्षाने कापायचं. नागपूरच्या मेट्रोला तर 'एअरपोर्ट' नावाचं स्थानक आहे, वर्धा रोडवर, आणि टर्मिनल तिथून आणखी आत. नावं द्यायला आपण कधीच मागे नसतो.

उलट चेन्नईत जाऊन बघा. विमानतळाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, तिरुसुलम नावाचं लोकलचं स्टेशन आहे. रस्ता ओलांडला की दहा रुपयांच्या आसपास शहरात. सप्टेंबर २०१६ पासून तर मेट्रोही विमानतळावरच येते. ती आली म्हणून लोकल बंद झाली नाही. दिल्लीत २०११ मध्ये विमानतळाची वेगळी मेट्रो खासगी कंपनीने सुरू केली, भाडं चढं ठेवलं, ती अडखळत चालली, मध्ये काही महिने बंदही पडली. २०१३ मध्ये दिल्ली मेट्रोने ती ताब्यात घेतली, भाडं टप्प्याटप्प्याने उतरवलं, २०१५ मध्ये नवी दिल्ली ते विमानतळ ६० रुपयांवर आणलं, आणि मग माणसं येऊ लागली. गोव्यात टॅक्सीवाल्यांची ताकद किती आहे हे तिथे गेलेल्या कुणालाही माहीत आहे. तिथेसुद्धा दाबोळी आणि मोपा, दोन्हीकडून कदंबाच्या बस सुटतात. म्हणजे ही गोष्ट न जमण्यातली नाही.

हे सगळं मी मित्रमैत्रिणींत बोलायला लागले की काही ठरलेली वाक्यं येतात. सगळ्यात आधी हे: विमानाचं तिकीट परवडतं, मग कॅब का परवडत नाही? हे वाक्य मला फार चीड आणतं. तिकीट परवडलं म्हणजे तीन महिने आधी काढलं, किंवा कंपनीने काढून दिलं, किंवा मुलाखतीला बोलावलं म्हणून उसने पैसे घेतले, किंवा घरी कुणी गेलं म्हणून जे मिळालं ते घेतलं. आखातातून दोन वर्षांनी परतणारा माणूस दोरीने बांधलेला खोका घेऊन बाहेर येतो, त्याला पुढे रत्नागिरी किंवा धाराशिवची गाडी पकडायची असते. त्याने विमानात किती मोजले यावरून त्याच्याकडून जमिनीवर आणखी किती काढता येतील, असा हिशेब कुणी करावा? आणि ज्याला खरंच परवडतं त्याने तरी एकट्याने एक मोटार घेऊन द्रुतगती महामार्गावर उभं का राहावं?

सामानाचं कारण मला मान्य आहे. दोन मोठ्या बॅगा आणि कडेवर मूल असेल तर मीही कॅब करीन. पण मुंबईत एका मोठ्या बॅगेने लोकल पकडणाऱ्या माणसांची काय कमतरता आहे? दादरला लग्नाची खरेदी घेऊन कर्जत लोकलमध्ये चढणाऱ्या बायकांना विचारा. आणि सामान ही सुटणारी अडचण आहे. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोच्या शहरातल्या स्थानकावरच काही विमान कंपन्यांसाठी चेक-इन करून बॅग देऊन टाकायची सोय केलेली आहे. तुम्ही रिकाम्या हाताने मेट्रोत बसता.

टॅक्सीवाल्यांच्या पोटाचं काय, असंही विचारतात. टॅक्सीवाल्याशी माझं भांडण नाही. रात्री दोन वाजता तोच असतो. पण त्याचं पोट, प्रवाशाला दुसरा रस्ता कळूच नये, यावर अवलंबून ठेवणं त्याच्याही हिताचं नाही. नऊशे चाळीसमधले त्याच्या हातात किती पडतात हे एकदा त्याला विचारा. मी विचारलंय, आणि उत्तर ऐकून गप्प बसले.

मी नऊशे चाळीस दिलेत, हे त्यावरून तुमच्या लक्षात आलं असेलच. ऑफिसातले दोघं बरोबर होते. एकाने विचारलं, "तू कशी जाणार?" माझ्या तोंडातून "कॅब" निघून गेलं. "मेट्रो, मग मेट्रो, मग लोकल" हे म्हणायला जीभ रेटली नाही. वर्गात डबा उघडताना भाकरी झाकायचे, तसंच काहीतरी ते होतं. डोंबिवलीपर्यंतचा अख्खा प्रवास मी स्वतःवर चिडून काढला. कांजूरमार्गला आम्ही वीस मिनिटं अडकलो, बाजूच्या रुळांवरून एक फास्ट गेली. तेव्हा दोष सगळा काचेच्या आतल्यांचा नाही. विमानतळाने बस लपवली आणि आपण ती शोधायची लाज बाळगली. दोघांचं बरं जमलंय. विमानातून उतरून बसच्या रांगेत उभं राहिलं की आपण विमानातले वाटत नाही, अशी एक बारीक भीती आपल्या पिढीत आहे. विमानतळावरचे फोटो टाकतो, थांब्यावरचे टाकत नाही.

रात्रीचा प्रश्न मात्र खरा आहे. मुंबईची मेट्रो तीन रात्री साडेदहाच्या सुमारास आटोपते आणि सकाळी सहाच्या आसपास सुरू होते. लोकल मध्यरात्रीनंतर एकच्या आसपास थांबतात, पहाटे चारच्या सुमारास पुन्हा निघतात. आणि परदेशातली, विशेषतः आखातातली, कितीतरी विमानं नेमकी या मधल्या वेळात उतरतात. बाई एकटी असेल तर तिने काय करायचं? तिने कॅब करावी, असं सगळे म्हणतात, आणि त्यात तिच्या सुरक्षिततेची काळजी असल्यासारखं बोलतात. मध्यरात्री अनोळखी माणसाच्या बंद गाडीत एकटीने तासभर बसायला मला सुरक्षित वाटत नाही. चाळीस माणसांच्या, दिवे लावलेल्या, कंडक्टर असलेल्या बसमध्ये वाटतं. रात्री साडेदहा ते पहाटे सहा, दर अर्ध्या तासाने एक बस अंधेरी-दादर-सीएसएमटी आणि एक घाटकोपर-मुलुंड-ठाणे, टर्मिनलच्या दारातून, एवढंच मागणं आहे. बेस्टच्या स्वतःच्या ताफ्यातल्या बस वर्षानुवर्षं कमी होतायत, मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा झालं, तेव्हा हे पैसे बेस्टने कुठून आणायचे हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे. विमानाच्या तिकिटात यूजर डेव्हलपमेंट फी नावाची ओळ असते. संगमरवरासाठी ती चालते, मग रात्रीच्या बससाठी का नाही?

आणि त्या बस फक्त आपल्यासाठी नसतील. विमानतळावर सगळ्यात जास्त वेळा येणारा माणूस प्रवासी नसतो. मी वर्षातून सहा-सात वेळा येते. ती मॉपवाली बाई आठवड्यातून सहा दिवस येते. रात्रपाळी सुटली की तीही त्याच अंधारात, त्याच टाकीच्या पुढे उभी असते. विमानतळाच्या बसबद्दल बोलताना आपण नेहमी पर्यटकाबद्दल बोलतो, परदेशातून येणाऱ्याला काय वाटेल याबद्दल बोलतो. तिला काय वाटतं हे विचारलं, तर तिकडच्या थांब्याला निदान छप्पर येईल.

छपराच्याही आधी एक गोष्ट जवळपास फुकटात होण्यासारखी आहे. विमान उतरलं की बाहेरचं तापमान सांगतात. मोबाइल सुरू करा म्हणतात, आमच्या सोबत पुन्हा उडा म्हणतात. त्यात एक वाक्य घाला: मेट्रोची शेवटची गाडी इतक्या वाजता, बसथांबा अमुक दाराबाहेर. पट्ट्याजवळ ताटकळत उभं असताना समोर घड्याळाची जाहिरात असते, अत्तराची असते, ठाण्यातल्या तीस मजली प्रकल्पाची असते. त्यातला एक चौकोन काढा आणि तिथे मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहा: कुठे जायचं, कशाने, किती वाजता, किती रुपये. आणि त्याखाली एक खिडकी उघडा. ब्लेझर नसला तरी चालेल. आत एसटीतून निवृत्त झालेला एखादा कंट्रोलर बसवा. तो वर न बघता बोलेल, पण 'बहुतेक' म्हणणार नाही.

आई पुढच्या महिन्यात धाकट्या भावाकडून, हैदराबादहून, माझ्याकडे येतेय. पहिल्यांदाच एकटी. तिकीट भावाने काढलंय, स्वस्तातलं म्हणून रात्रीचं. विमान मुंबईला दहा पन्नासला उतरतं. परवा फोनवर तिने विचारलं, "तू घ्यायला येऊ नकोस एवढ्या रात्री. मला नुसतं सांग, बाहेर आल्यावर कुठून गाडी पकडायची?"

मी म्हटलं, बघून सांगते. अजून बघतेय.